चप्पल, कांदा आणि दोन मिनिटे

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक आजी आपल्या चौदा वर्षांच्या नातवाला रिक्षातून घेऊन आल्या. मुलाला घरी फिट आली होती. आता तो शुद्धीवर होता, परंतु ओठातून रक्त येत होते आणि पुढचा एक दात अर्धा तुटला होता. "दातखीळ बसली होती, डॉक्टरसाहेब, चमचा घालून उघडली," आजींनी सांगितले आणि समाधानाने पुढे म्हणाल्या, "पण चप्पल हुंगवली आणि लेकरू लगेच सावरलं."

मी विचारले, "आजी, चप्पल आणायला किती वेळ लागला?"

त्या जरा आठवून म्हणाल्या, "आधी चमच्यातच वेळ गेला. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील."

चपलेच्या साऱ्या किमयेचे रहस्य या उत्तरात आहे. आपल्या मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युतसंदेशांनी बोलत असतात. काही कारणाने असंख्य पेशी एकाच वेळी अनियंत्रित संदेश सोडू लागल्या की शुद्ध हरपते, अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. हीच फिट, आकडी किंवा फेफरे. बहुतेक फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण मेंदू स्वतःच ते वादळ शमवतो. तेवढ्या वेळात कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल आणतो, कोणी मुठीत किल्ल्या कोंबतो. फिट थांबते आणि श्रेय शेवटच्या उपायाच्या पदरी पडते. असे दोनचार वेळा पाहिलेल्या माणसाचा विश्वास बसला, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. परंतु तो अनुभव काळाचा आहे, चपलेचा नव्हे.

आपण म्हणाल, हुंगवल्याने अपाय तर होत नाही ना? होतो. नाकातोंडावर चप्पल दाबली की आधीच अडखळणारा श्वास आणखी कोंडतो. त्याहून मोठा तोटा असा, की त्या धांदलीत रुग्णाला कुशीवर वळवायचे राहूनच जाते.

दुसरा समज जीभ गिळली जाण्याचा. जीभ तोंडाच्या तळाशी घट्ट जोडलेली असते. ती गिळता येत नाही. फार तर दातांखाली चावली जाते, आणि ती जखम बहुधा काही दिवसांत भरून येते. चमच्याने तुटलेला दात मात्र पुन्हा उगवत नाही, आणि त्याचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. बोटे घालणाऱ्याची बोटेही चावली जातात.

मग करावे काय? प्रथम घड्याळ पाहावे. आसपासच्या टोकदार वस्तू दूर साराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याजवळची बटणे सैल करावीत. शक्य होताच रुग्णाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ व फेस बाहेर वाहून जातो. हातपाय दाबून धरू नयेत. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा घोटही देऊ नये. फिट पाच मिनिटांहून अधिक लांबली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, आयुष्यातील पहिलीच असली, किंवा रुग्ण गर्भवती, मधुमेही वा जखमी असला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरा समज कोबीचा. कोबी खाल्ल्याने मेंदूत अळी जाते आणि फिट येते, असे सांगितले जाते. यात सत्याचा अंश आहे, पण आरोपी चुकीचा आहे. डुकराच्या मांसातून होणाऱ्या पट्टकृमीची अंडी, तो कृमी ज्याच्या आतड्यात आहे त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेली कच्ची भाजी यांतून ती पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. भाजी स्वच्छ धुऊन शिजवावी, हात साबणाने धुवावेत. कोबी टाकण्याची गरज नाही.

चौथा समज सर्वांत क्रूर आहे: ही बाहेरची बाधा आहे, हा घराण्याला कलंक आहे. त्यापायी विवाहाच्या वेळी आजार लपवला जातो आणि सासरी कोणाला कळू नये म्हणून मुलगी गोळ्याच बंद करते. गोळ्या अचानक थांबवल्याने न थांबणारी फिट येऊ शकते आणि तीत प्राण जाऊ शकतात. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली आहे. कायद्याने पुसलेला कलंक आपण घरात का जपावा? अपस्मार असलेल्या स्त्रिया सुदृढ बाळांना जन्म देतात. मात्र काही औषधे गर्भाला अपायकारक असल्याने, दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावीत.

एक फिट म्हणजे अपस्मारच, असे नाही. लहान मुलांत ताप, मोठ्यांत साखर वा क्षार कमी होणे, अशीही कारणे असतात. म्हणून तपासणी हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, योग्य निदान व उपचार मिळाल्यास अपस्माराचे सुमारे 70 टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात. गोळ्या किती वर्षे घ्यायच्या आणि हळूहळू कशा कमी करायच्या, हे डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्यांनी नव्हे.

आजींच्या नातवाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. निघताना त्यांनी अपराधी चेहऱ्याने विचारले, "म्हणजे दात माझ्यामुळं गेला?" मी म्हणालो, "आजी, तुम्ही धावलात ते मायेपोटी. पुढच्या वेळी फक्त त्याला कुशीवर वळवा, जवळ बसा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा."