मंडईच्या वाटेवर

दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या माणसाचं पुण्या-मुंबईत लक्ष लागत नाही. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते आणि लेकीबाळी, जावई, नातवंडं तिकडे निघतात. एरवी आम्ही रेल्वेने तुमसर रोडला उतरायचो. यंदा गाडीने गेलो. भंडाऱ्याला महामार्ग सोडला, वरठी, मोहाडी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागल्या. काही उभ्या, काही कापलेल्या, धुऱ्यावर तुरीची रांग. मागच्या सीटवरच्या पोराने विचारलं, "हा गहू का?" आत्या कळवळून म्हणाली, "गहू नाही रे बाप्पा, धान हाय!"

तुमसर म्हणजे तांदळाची बाजारपेठ आणि मॅंगनीजच्या वाटेवरचं गाव. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी याच तालुक्यात. आमच्या लहानपणी मात्र तुमसर म्हणजे मामाच्या गावाला जाण्याआधीचा शेवटचा बाजार.

मंडईत दिवसा खेळणी-मिठाईची दुकानं, रात्री दंडार नाहीतर नाटक. खरा कार्यक्रम मात्र घराघरांतल्या ओसरीवर चालतो: कोण आजारी, कुणाचं लग्न जुळतंय, शेत कुणी ठेक्याने केलं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं निम्मंही कळत नाही.

यंदाचा अंक अशाच परतीच्या प्रवासांचा आहे. वाचून निघावंसं वाटलं तर एक करा: मंडईचा दिवस गावागणिक वेगळा असतो, आधी मामाला फोन करून विचारा.