लोकप्रतिनिधीची कसोटी

निवडणूक जवळ आली म्हणजे आमच्या किनाऱ्यावर उमेदवाराची जी परीक्षा होते, ती बहुधा तीन प्रश्नांत आटोपते. तो कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, आणि मंत्र्यांपाशी त्याचे वजन किती, एवढे कळले की मतदार समाधान पावतो. परंतु विधिमंडळात बसून याने कोणता नियम लोकांच्या पदरी पाडला, हा खरा प्रश्न. आणि तो मात्र क्वचितच विचारला जातो. हा प्रश्न विचारण्याची सवय आमच्या वाचकांस लागावी, या हेतूने आज आम्ही दिवंगत दिनकर बाळू पाटील यांच्या कारकिर्दीचा विचार योजिला आहे. लोक त्यांस 'दि. बा.' म्हणत.

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई गावी शेतकरी कुटुंबात झाला. ते कायदा शिकले, वकील झाले, आणि शेतकरी कामगार पक्षाच्या झेंड्याखाली १९५७ साली पनवेल मतदारसंघातून विधानसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचा तो काळ होता, तेव्हा पहिल्या विजयाचे सर्व श्रेय त्यांस एकट्यास देणे न्यायाचे होणार नाही. परंतु पुढे १९६२, १९६७, १९७२ व १९८० अशा चार वेळा त्याच मतदारांनी त्यांस पुन्हा पाठविले, आणि १९७२ पासून काही वर्षे विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदही त्यांजकडे होते. सत्तेवर नसलेल्या पक्षाच्या माणसास लोक इतक्या वेळा निवडून देतात, ते कंत्राटे वा बदल्या मिळवून घेण्याच्या आशेने खचित देत नसतात.

त्यांचे धोरण समजण्यास या भूमीचा पूर्वेतिहास ध्यानी घेतला पाहिजे. अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप चालविला. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात १९३७ साली मांडले. प्रत्यक्ष खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. कूळ कायदा १९४८ चा, पण कूळ जमिनीचे मालक व्हावयाचा कृषकदिन उजाडला तो १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे दि. बा. प्रथम निवडून आले त्याच वर्षी. याप्रमाणे दोन पिढ्यांच्या झगड्यानंतर ज्यांचे नाव मालक म्हणून कागदावर चढले, त्यांच्याच जमिनीवर अवघ्या तेरा वर्षांत नव्या शहराची रेषा ओढली गेली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि पनवेल, उरण व ठाणे भागांतील पंचाण्णव गावांची शेते, खारजमिनी व मिठागरे संपादनाच्या सूचनेत आली.

येथे दि. बां.ची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिचा विपर्यास वारंवार झालेला आहे. शहर नको, बंदर नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. संपादन १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली होत होते, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने एकदा किंमत चुकती केली की शेतकऱ्याचा व जमिनीचा संबंध तुटला. दि. बां.चा सवाल असा की, भाताच्या भावाने घेतलेली जमीन उद्या दुकानांच्या व गाळ्यांच्या भावाने विकली जाणार असेल, तर त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा का नसावा ? हा सवाल भिक्षेकऱ्याचा नव्हता, भागीदाराचा होता. आमच्या व्यापारी वाचकांस तो समजण्यास अडचण पडू नये. ज्याचे भांडवल, त्यास नफ्यात हिस्सा, हा पेढीचा साधा नियम आहे.

या सवालाची किंमत मात्र रक्ताने मोजावी लागली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाट्यावर व न्हावा-शेवा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्यू पावले. त्याच वर्षाअखेर लोकसभेची निवडणूक झाली. देशभर काँग्रेसने चारशेंवर जागा जिंकल्या असता कुलाबा मतदारसंघाने १९७७ प्रमाणे पुन्हा दि. बां.सच दिल्लीस पाठविले. मतदार लाटेत वाहून जातोच असे नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस या किनाऱ्यावर दुसरे आढळत नाही.

या लढ्याचे फळ म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना. तिचा हिशेब वाचकांनी करून पाहावा. एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर, जमीन गेली तर साडेबाराशे चौरस मीटर हक्काचे ठरतात. त्यांतून सामाजिक सुविधांकरिता तीस टक्के वजा होऊन हाती पावणेनऊशे येतात. हिस्सा लहान खरा, परंतु तत्त्व मोठे. पुढे विमानतळाकरिता जमीन देणाऱ्यांस साडेबावीस टक्के देण्यात आले, ते याच तत्त्वाच्या आधाराने.

तथापि स्तुतीबरोबर दोषही सांगणे आमचे कर्तव्य आहे. एक तर योजना व अंमल यांत फार अंतर पडले. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि तेथील शेतकऱ्यांच्या हाती भूखंडाची इरादापत्रे पडू लागली ती २०१४ साली. दुसरे असे की, वाट पाहून थकलेल्या कित्येकांनी आपला हक्क दलालांस स्वस्तात लिहून दिला. आणि घेणारे कोण होते, हे शहरातील आमच्या वाचकांनी आपल्या मनास विचारावे. तिसरे, टक्केवारी सातबाऱ्यावरून मोजली जाते. घरच्या लेकीचे नाव त्यावर चढविण्यास भाऊ नाखूष, आणि खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचा तर सातबाराच नाही. मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली खरी. पण बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्याची चाल अद्याप सुटलेली नाही. जो समाज सरकारपाशी आपला वाटा मागतो, त्याने आपल्या बहिणीचा वाटा बुडवावा, ही विसंगती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

दि. बा. २४ जून २०१३ रोजी निवर्तले. १८९४ च्या कायद्याची जागा घेणारा नवा भूसंपादन कायदा त्याच वर्षी संसदेने केला, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नव्या विमानतळास त्यांचे नाव द्यावे असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ साली केला, तो योग्यच झाला. परंतु पाटीवर नाव कोरल्याने गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचा प्रश्न सुटत नाही, की एखाद्या वारसाचे अडकलेले प्रकरण पुढे सरकत नाही. नाव देणे सोपे, देणे फेडणे कठीण. आणि सोपे काम करून कठीण काम टाळण्याची सवय राज्यकर्त्यांस फार जुनी आहे.

सबब आमची मतदारांस विनंती आहे की, यापुढे जो कोणी मत मागण्यास दारी येईल, त्यास दि. बां.च्या तसबिरीस हार घालावयास न सांगता तीन गोष्टी विचाराव्या. आमच्या तालुक्यातील किती भूखंडांचे वाटप राहिले आहे, याची यादी तुजपाशी आहे काय ? ज्याच्या नावे जमीन नाही, त्याच्या पोटाची तजवीज तू कोणत्या नियमाने करणार ? आणि तुझ्या स्वतःच्या सातबाऱ्यावर तुझ्या बहिणीचे नाव आहे काय ? या तिहींची उत्तरे जो देईल त्यास, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपले मत अवश्य द्यावे.