नाही म्हणायचा हक्क माझा!

आईला पक्षाघात झाला आणि माझा वीकेंडच बदलला. पुण्यात नोकरी करणारी आमची गँग शुक्रवारी रात्री 'हुतात्मा'ने सोलापुरात उतरते. पण 'तिला कशाला त्रास?' म्हणून मला फोनच करेना! शेवटी सांगितलं, बोलवा तर खरं, नाही म्हणायचा हक्क माझा. आता शनिवारी पाच ते सहा शेजारच्या काकू आईजवळ बसतात आणि मी पार्क चौकात. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरली, की एकजण आईशी गप्पा मारत थांबतो, बाकीचे मला आकाशपाळण्यात बसवतात. तुमच्या ग्रुपमध्येही अशी कुणी असेल, तर 'काळजी घे'चा मेसेज नको. 'पाचला येऊ का?' एवढंच विचारा. चहा आम्ही टाकतो!