प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी मॅच का अडकते?

शेवटचं षटक सुरू असतं, गोलंदाज धावत येतो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागतं. शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो, आपल्याकडे चेंडू अजून गोलंदाजाच्या हातातच! वैतागून कस्टमर केअरला फोन लावला की उत्तर ठरलेलं : ‘सर, प्लॅन अपग्रेड करून घ्या.’

पैसे भरण्याआधी थोडं थांबा. नेटफ्लिक्सच्याच शिफारशीनुसार फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. म्हणजे १०० एमबीपीएसमध्ये चार टीव्हींवर एकाच वेळी फोर-के चालावं. (चार टीव्ही असलेलं घर आधी सापडायला हवं, ते सोडा.)

घोडं अडतं ते राउटर आणि टीव्हीच्या मधल्या २०-२५ फुटांत. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटचे राउटर त्यातच दाटीवाटीने बसतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आणि वेगही जास्त, पण आरसीसीची भिंत आली की तो गळपटतो.

त्यात वाय-फायचं चॅनेल म्हणजे एकपदरी रस्ता. एका वेळी एकानेच बोलायचं. आतल्या खोलीतला जुना फोन कमकुवत सिग्नलवर रेंगाळत डाउनलोड करत बसला, तर टीव्हीलाही ताटकळावं लागतं. चित्रपट पाहताना हे फारसं जाणवत नाही, कारण ॲप पुढचा बराच भाग आधीच साठवून ठेवतं. थेट सामन्यात मात्र पुढचा चेंडू अजून पडलेलाच नसतो, साठवणार काय? हाताशी असतात ते मोजके सेकंद.

आणि राउटर असतो कुठे? फायबरची तार दारावरून आत येते, म्हणून तिथेच, चपलांच्या स्टँडवर. किंवा दिसायला बरं नाही म्हणून शोकेसच्या आत. माझ्या घरी राउटरशेजारी ९० एमबीपीएस दिसायचे आणि आतल्या खोलीत ६. तो कपाटातून काढून पॅसेजमध्ये उंचावर लावला, टीव्हीला लॅन केबल जोडली आणि प्रश्न मिटला. खर्च केबलपुरता. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण फोर-केला तेवढा पुष्कळ झाला.

केबल लावूनही वेग मिळत नसेल, तर मात्र कंपनीला खुशाल धारेवर धरा.

खरं तर कंपन्या वेग विकतात तो दारापर्यंतचा, आणि जाहिरातीत पूर्ण कुटुंब बेडरूममध्ये सिनेमा पाहताना दाखवतात. जोडणी द्यायला आलेला तंत्रज्ञ राउटरला फोन टेकवून स्पीड टेस्ट दाखवतो आणि सही घेऊन निघतो. पुढच्या वेळी सही करण्याआधी त्याला टीव्हीच्या खोलीत न्या, दार लावा आणि तिथला आकडा दाखवायला सांगा.