"गेम काय शिकायचे असतात का?" म्हणणाऱ्या सगळ्यांना

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आपल्या पालकांच्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, मुलगा ज्युनियर इयरला आहे, गेम डिझाइनला जायचं म्हणतोय, कुणाला काही माहिती आहे का? तासाभरात तीसेक उत्तरं आली. माहिती एकातही नव्हती. हसरे चेहरे होते, "आमच्या वेळी असं म्हटलं असतं तर बाबांनी घराबाहेर काढलं असतं" होतं, आणि सगळ्यात जास्त वेळा होतं "सीएस करू दे, गेम काय, घरी खेळेल." ताईंनी "थँक्यू सगळ्यांना" लिहिलं आणि त्या गप्प बसल्या.

मी सीए आहे. आर्टिकलशिप पुण्यात, संसार ईडन प्रेरीत. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासते. गेम खेळत नाही, अगदी फोनवरचे सुद्धा. त्यामुळे हौसेपोटी लिहीत नाहीये. पण व्हाउचर न बघता शेरा मारायचा, ही आपल्या सुशिक्षित लोकांची सवय मला सहन होत नाही.

आधी या वर्गात शिकवतात काय ते बघा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या सत्रात संगणक उघडतच नाहीत. कागद, फासे, पत्ते, कात्री. सापशिडीतला एकच नियम बदला आणि बघा, खेळणारा आता विचार करायला लागतो का? आपण मे महिन्यात मामाकडे बदाम सातला नवीन नियम लावायचो आणि दोन डावांत कळायचं की असं केलं तर पहिला भिडूच जिंकतो. तेच इथे शिस्तीत करतात. मग दुसऱ्यांना खेळायला बसवायचं आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघायचं. समोरचा अडकला तरी "अरे, तसं नाही" म्हणायचं नाही. त्याला कळलं नाही म्हणजे चूक तुमच्या नियमांत आहे. आपल्यातल्या किती मॅनेजर लोकांना हे जमतं?

मला खरी गंमत वाटली ती गेममधल्या अर्थव्यवस्थेची. राक्षस मारला की सोनं जमा. मग ते नावे कुठे पडतं? तलवार दुरुस्त करायला, घर बांधायला, दंड भरायला. बाहेर जायच्या वाटा कमी ठेवल्या की सोन्याचा पूर येतो, भाव चढतात आणि नवीन खेळाडूला काहीच परवडत नाही. हा जमा-नावेचाच हिशेब आहे. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं ईव्ह ऑनलाइन या गेमसाठी २००७ साली चक्क अर्थतज्ज्ञ नेमला. २०१२ साली व्हॉल्व्ह कंपनीनं यानिस वारुफाकिस यांना बोलावलं, आणि तेच गृहस्थ २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. हे सगळं "घरी खेळेल" मध्ये बसतं का?

आणि मराठी माणसानं तरी हसू नये. आपल्याकडे मोक्षपट होता, परंपरेनं ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि वर मोक्ष. म्हणजे पटावरच्या घरांतून तत्त्वज्ञान शिकवायचं. या खेळाच्या कुळावर, १८व्या-१९व्या शतकातल्या पश्चिम भारतातल्या पटांवर, याकोब श्मिट-मॅडसेन या डॅनिश संशोधकानं २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात पीएच.डी. केली. आपला पट, आपल्या पोथ्या आणि प्रबंध डेन्मार्कमध्ये. कारण तिथे खेळ हा अभ्यासाचा विषय आहे, आणि आपल्याकडे रिकामटेकड्यांचा उद्योग.

आता आपण राहतो त्या राज्याकडे बघा. १९७१ साली नॉर्थफील्डच्या कार्लटन कॉलेजचे तीन विद्यार्थी मिनियापोलिसच्या शाळांत शिकवायला आले होते: डॉन रॉविच, बिल हाइनमन, पॉल डिलनबर्गर. रॉविचला आठवीला पश्चिमेकडच्या स्थलांतराचा इतिहास शिकवायचा होता. दोन आठवड्यांत तिघांनी मिळून 'द ऑरेगन ट्रेल' बनवला. पडदा नाही, नुसता टेलिटाइप, कागदावर उमटणारी अक्षरं. पुढे रॉविच राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत, एमईसीसीत, गेला तेव्हा त्यानं त्या काळातल्या प्रवाशांच्या डायऱ्या वाचल्या आणि वादळ, आजारपण, बैल हरवणं हे गेममध्ये किती वेळा घडावं ते त्यावरून ठरवलं. याला मी संशोधन म्हणते. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला तो इतिहास त्या गेममुळे आठवतो.

त्याच १९७१ मध्ये इथेच, ट्विन सिटीजमध्ये, डेव्ह आर्नेसन नावाचा मुलगा मित्रांना जमवून 'ब्लॅकमूर' खेळवत होता. त्यातून १९७४ साली गॅरी गायगॅक्सबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. हाच आर्नेसन पुढे कितीतरी वर्षं फ्लोरिडातल्या फुल सेल विद्यापीठात गेम डिझाइन शिकवत होता. मुलांच्या तळघरातल्या खेळातून सुरू झालेली गोष्ट वर्गात पोचली ती अशी.

मग सीएस सुरक्षित, हा मुद्दा. होता. न्यूयॉर्क फेडनं २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांत नव्यानं पदवी घेतलेल्या संगणकशास्त्राच्या मुलांची बेरोजगारी ६.१ टक्के होती. म्हणून सीएस वाईट असं मी म्हणत नाहीये. पण ज्याला फिक्स डिपॉझिट समजून आपण डोळे मिटून पैसे ठेवतो, तोही शेअर बाजारच आहे. त्यात मन नसलेलं मूल ढकललं तर जोखीम कमी होत नाही, वाढते.

आता दुसऱ्या बाजूला बोलते, कारण कॉलेजंही काही कमी नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं गेमिंगमधली १,९०० माणसं काढली, त्याच महिन्यात युनिटीनं १,८००. माहितीपत्रकात हे नसतं. त्यात गुबगुबीत खुर्च्या आणि रंगीत दिवे लावलेली ई-स्पोर्ट्सची खोली असते. क्रिकेट खेळणं आणि क्रिकेटचे नियम लिहिणं जितकं वेगळं, तितकंच ई-स्पोर्ट्स आणि गेम डिझाइन वेगळं. एका कॉलेजच्या टूरमध्ये मी विचारलं, गेल्या वर्षी पास झालेल्यांपैकी किती जण या क्षेत्रात आहेत? उत्तर आलं, "आमची मुलं खूप पॅशनेट असतात." हे उत्तर मी उचंती खात्यात टाकलं आणि घरी आले.

आर्ट इन्स्टिट्यूट्स आठवतात ना? नफ्यासाठी चालणारी साखळी, एक शाखा इथे मिनियापोलिस डाउनटाउनमध्येही होती. गेम आर्टच्या पदव्या द्यायची. सप्टेंबर २०२३ मध्ये उरलेल्या सगळ्या शाखा बंद झाल्या. १ मे २०२४ ला केंद्र सरकारनं ३,१७,००० विद्यार्थ्यांची ६१० कोटी डॉलरची कर्जं माफ केली, कारण नोकऱ्या आणि पगारांबद्दल संस्थेनं धादांत खोटे दावे केले होते. कर्ज माफ झालं, वर्षं कोण परत देणार?

म्हणून ताईंना जे उत्तर मिळायला हवं होतं ते मी देते. मुलगा फक्त खेळतो की बनवतोही, ते बघा. एक छोटा, पूर्ण झालेला गेम दाखव म्हणा. पूर्ण झालेला, हे महत्त्वाचं. मग दोन वर्षांनी मन बदललं तर क्रेडिट्स कुठे चालतील ते कॉलेजकडून लेखी घ्या. खासगी संस्थांचं घोडं बऱ्याचदा इथेच पेंड खातं. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर विषयवार कर्ज आणि कमाई दिसते. लहान विभागांचे आकडे झाकलेले असतात, तिथे विभागप्रमुखांना ईमेल करा. शिकवणाऱ्यांनी स्वतः काय बनवलंय ते बघा. आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलाला स्वतःच्या नावावर पदवीपर्यंत केंद्राचं कर्ज एकूण ३१,००० डॉलरच मिळतं. त्याच्या वरचा प्रत्येक डॉलर तुमच्या सहीनं किंवा तुमच्या ५२९ मधून जातो, तर प्रश्न विचारायला लाजू नका.

मिनेसोटात आहात तर पीएसईओ विसरू नका. १९८५ पासून ही सोय आहे. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स, फी आणि पुस्तकं फुकट. प्रोग्रामिंग, चित्रकला, लेखन, तिन्हीची चव तिथेच घेऊ दे. आणि शेजारी विस्कॉन्सिनमध्ये, मिनॉमनीला, यूडब्ल्यू-स्टाउट आहे. सरकारी विद्यापीठ, गेम डिझाइनची संगणकाच्या बाजूनं बी.एस. आणि कलेच्या बाजूनं बी.एफ.ए., दोन्ही वाटा. रेसिप्रॉसिटीचा अर्ज केला की आपल्याला परराज्याची फी पडत नाही. तो अर्ज आपोआप होत नाही, करावा लागतो.

तीस जणांपैकी ज्यांना अजूनही हसायचंय त्यांनी खाली खुशाल हसावं, पण सोबत एक आकडा द्यावा.

ताई, तुम्ही हे वाचत असाल तर मी पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन मिनॉमनीला जातेय. दीड तासाचा रस्ता आहे, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. मेसेज करा.