न गंजणारा धातू आणि त्याची संगत

समुद्रकाठच्या घरात लोखंड किती दिवस टिकते, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. खिडकीचे गज, दाराची कडी, विहिरीवरील कप्पी यांचा हिशेब खारी हवा चार पावसाळ्यांत चुकता करते. म्हणूनच ‘न गंजणारा धातू’ हे शब्द आपल्या कानांस गोड लागतात. परंतु असा धातू सर्वत्र आणि सर्वकाळ अभंग राहतो, ही समजूत चुकीची, किंबहुना घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या कीर्तीस विशेष पात्र असलेल्या निकेलच्या मिश्रधातूच त्याची साक्ष देतात.

निकेलचे नाव मुळी तिरस्कारातून आले. जर्मनीतील खाणकामगारांना तांब्याच्या रंगाचे एक खनिज सापडे. पण भट्टीत घालून त्यातून तांबे काही निघेना. तेव्हा एखाद्या भुताची ही करणी असावी, असे मानून त्यांनी त्याला ‘भुताचे तांबे’ म्हटले. १७५१ साली स्वीडनमधील क्रॉनस्टेट याने अशा खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि त्या भुताचेच नाव त्याला चिकटले.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडातील सडबरी येथील खनिजापासून, सुमारे दोन भाग निकेल व एक भाग तांबे असलेली मोनेल ही मिश्रधातू तयार झाली. ती समुद्राच्या पाण्यात उत्तम टिकते. निकेलमध्ये क्रोमियम मिसळले म्हणजे पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा धरतो. मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याहूनही पातळ असा हा पापुद्रा धातूचे कवच होय. त्यावर ओरखडा पडला तरी हवेतील वा पाण्यातील ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा भरून येतो. मिठातील क्लोराइड मात्र या कवचाला बारीक छिद्रे पाडते. त्यास आवर घालण्यासाठी मॉलिब्डेनम लागते.

इतके असूनही यांपैकी कोणतीही मिश्रधातू अमरपट्टा घेऊन आलेली नाही. निकेल व मॉलिब्डेनम यांची हॅस्टेलॉय बी ही मिश्रधातू, भल्याभल्या धातूंना विरघळविणारे हायड्रोक्लोरिक आम्ल सहन करते. पण त्याच आम्लात लोखंडाचे फेरिक क्षार मिसळले, की ती झपाट्याने झिजू लागते. हॅस्टेलॉय सी या मिश्रधातूत क्रोमियमही होते; परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ कार्बाइडे साचत आणि नेमकी तीच जागा आम्ल खाई. कार्बन व सिलिकॉन यांचे प्रमाण अतिशय कमी करून १९६० नंतरच्या दशकात सी-२७६ ही सुधारलेली जात निघाली, तेव्हा हा दोष आटोक्यात आला.

संगतीचा सर्वांत बोलका दाखला ‘सी कॉल’ या अमेरिकन नौकेचा आहे. १९१५ साली बांधलेल्या या नौकेचे पत्रे मोनेलचे होते, पण काही भाग पोलादाचे राहिले. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र येताच विजेची घटमाला सुरू झाली. मोनेल शाबूत राहिले, पोलाद मात्र झपाट्याने खाल्ले गेले आणि अल्पावधीतच ती नौका मोडीत काढावी लागली. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे आपण म्हणतो. येथे तर गुण लागण्याऐवजी बलवंताच्या शेजारी दुबळ्याचा नाशच झाला!

कारखान्यांत याबाबत दोन प्रकारची माणसे आढळतात. एकास वाटते, साधे पोलाद घ्यावे, वर रंग फासावा आणि पैसे वाचवावेत. दुसऱ्यास वाटते, सर्वांत महाग धातू घेतला की आपली जबाबदारी संपली. माझ्या मते दोघेही विचार करण्याचे कष्ट टाळतात. कोणते आम्ल, किती तीव्र, किती तापलेले, सोबत कोणते क्षार, शेजारी कोणता धातू, सांधा कसा जोडला, हे विचारल्यावाचून केलेली निवड म्हणजे जुगारच. शिवाय पातळ झालेल्या नळीचे प्रायश्चित्त पैसे वाचविणाऱ्याला मिळत नाही. ते रात्रपाळीस तिच्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराला आणि कुंपणाबाहेरच्या वस्तीला मिळते. म्हणून धातूची निवड हा केवळ हिशेबनिसाचा प्रश्न नाही, तो माणुसकीचाही आहे.

हैदराबाद येथे १९७३ साली स्थापन झालेल्या ‘मिश्र धातु निगम’ या सरकारी कंपनीत निकेलच्या मिश्रधातू तयार होतात. म्हणजे ही विद्या आपल्यापासून दूर राहिलेली नाही. विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी यंत्र चालवील, कोणी खरेदीच्या कागदावर सही करील. ‘हा धातू गंजत नाही’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले, तर ‘कशात आणि कोणाच्या संगतीत?’ एवढे विचारावयास विसरू नका. त्या दोन शब्दांना पैसा पडत नाही, पण त्यांनी एखाद्याचा जीव वाचू शकेल.