मागाला हात लावायचा नाही



या अंकाची बैठक आम्ही आरोंद्याला घेतली. तेरेखोल खाडीच्या काठचं हे गाव, पलीकडे लगेच गोवा. एका मैत्रिणीच्या पडवीत बसलो होतो. विषयांची यादी नेहमीचीच होती : घरकाम, जमिनीवरचं नाव, दारू. त्यात एकीने नलिनी मलानी यांच्या प्रायोगिक लघुपटांचा विषय काढला, आणि दुसरीने लगेच विचारलं, ‘याचा आपल्या चळवळीला काय उपयोग?’ प्रश्न रास्त होता. हे संपादकीय म्हणजे त्यावर झालेल्या चर्चेचा सारांश आहे.

मलानींचा जन्म 1946 चा, कराचीचा. फाळणीत कुटुंब विस्थापित झालं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये त्या चित्रकला शिकल्या. 1969 मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्याला मिळालेल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार आणि सिनेमावाले यांनी एकत्र येऊन कॅमेऱ्याशी प्रयोग करावेत, हा त्यामागचा हेतू. तिथे तेवीस वर्षांच्या मलानींच्या हाती कॅमेरा आला.

त्यांच्या ‘ड्रीम हाउसेस’ (1969) मध्ये माणूस नाही, गोष्ट नाही. घरांची छोटी मॉडेल्स आणि त्यांवर बदलणारे रंग, एकेक चौकट टिपून हलते केलेले. नव्या देशात सर्वांना घर मिळेल, या स्वप्नाचे ते रंग होते. 1976 मध्ये त्यांनी याला दुसरी, काळी-पांढरी फिल्म जोडली : एक तरुण स्त्री खिडकीतून खालचं शहर पाहते आहे. दोन्ही फिल्म्स शेजारी शेजारी चालतात आणि त्यांचं मिळून नाव ‘युटोपिया’. चार मिनिटांच्या आत सगळं संपतं. आश्वासन काय होतं आणि पदरात काय पडलं, हे कोणी बोलून दाखवत नाही. ती स्त्री फक्त पाहते.

1969 चीच ‘ओनॅनिझम’. पलंगावर एकटी स्त्री आणि तिच्या देहाची तगमग. स्त्रीच्या इच्छेविषयी आपण स्त्री-संघटनांमध्येसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. ती इच्छा एका तरुण मुलीने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पडद्यावर मांडली, तीही पुरुषाची नजर सुखावण्यासाठी नव्हे.

आणि 1973 ची ‘टॅबू’, राजस्थानातल्या विणकर समाजावरची. त्या समाजात स्त्रीने मागाला हात लावायचा नाही, असा निषेध.

हे ऐकून इतका वेळ गप्प बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “आमच्याकडे जोताक बायलमाणसान हात लावूचो नाय. तरवो काढतलो कोण? आमी. लावतलो कोण? आमी. पण जोत बाप्यांचा.”

त्यानंतर उपयोगाचा प्रश्न कोणी पुन्हा विचारला नाही.

चळवळीने सिनेमा वापरलाच नाही, असं नाही. ‘युगांतर’ या गटाने 1981 मध्ये पुण्यातल्या घरकामगार स्त्रियांबरोबर ‘मोलकरीण’ केला, पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर फिल्म केली. ते चित्रपट आपल्याला जवळचे वाटतात, कारण त्यांत आपली मागणी ऐकू येते. मलानींच्या फिल्ममध्ये मागणी नाही, घोषणा नाही. म्हणून ‘समजत नाही’ म्हणून आपण त्या बाजूला ठेवतो. पण ज्या अनुभवाला अजून शब्दच मिळालेला नाही, तो घोषणेत कसा मावेल? त्यासाठी वेगळी भाषा शोधावी लागते, आणि सुरुवातीला ती अनोळखी वाटणारच.

आपल्या भागात तर हे सहज पटावं. दशावतार आम्ही लहानपणापासून पाहत आलो. रात्रभर जागून, पुढच्या रांगेत बसून. सीता असो, द्रौपदी असो, साडी नेसून उभा राहतो तो पुरुषच. त्या कलावंतांचं कसब थोर आहे, त्याविषयी आदरच आहे. पण बाई कशी रडते, कशी लाजते, हे पिढ्यान्‌पिढ्या आम्ही पुरुषाच्या अंगावर पाहिलं. रंगभूमी हासुद्धा एक मागच होता.

आता आमच्या प्रत्येकीच्या नाही, तरी बऱ्याच जणींच्या हातात मोबाइल आहे, म्हणजे कॅमेरा आहे. मग निषेध संपला का? बैठकीतल्या एकीचा फोन रोज रात्री घरात तपासला जातो. दुसरी रील करते, पण हावभाव सगळे हिंदी सिनेमातल्या नायिकेचे. हत्यार हाती आलं, नजर मात्र उसनीच राहिली. मलानींच्या फिल्म्सचा उपयोग इथे आहे. आपल्याला कसं पाहिलं जातं यापेक्षा आपण काय पाहतो, याला त्या महत्त्व देतात.

या कामाकडे कलाजगताचंही बराच काळ दुर्लक्षच झालं. पुढे मलानींची मोठी प्रदर्शनं झाली, 2023 मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला. त्या मात्र मधल्या काळातही थांबल्या नव्हत्या. कठुआमध्ये आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली, त्यानंतर त्यांनी ‘कॅन यू हिअर मी?’ केलं. सत्तरी ओलांडलेली ही चित्रकर्ती आयपॅडवर बोटाने रेघा ओढून त्यांना हलती करत होती. विचारत होती, माझं ऐकू येतंय का?

आम्ही आरोंद्याला एक ठरवलं आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने चार मिनिटांची फिल्म आणायची, आपल्या घराच्या खिडकीतून किंवा मागीलदारातून दिसेल त्याची. संदेश नको, गाणं नको. जिच्याकडे फोन नाही तिला दुसरीने द्यायचा. जिचा फोन तपासला जातो, तिची फिल्म दुसरीच्या फोनमध्ये राहील.

तुम्हीही करून पाहा, आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.

— संपादक मंडळ